भाड्याची खोली आणि यशाचा दाखला

परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयांच्या यशाचे कौतुक हा आपल्या सुशिक्षित वर्गाचा जुना आवडीचा विषय आहे. अलीकडे या कौतुकात भारतीयांच्या जोडीला आणखी एक समाज आणून बसवला जातो, तो म्हणजे नायजेरियनांचा. अमेरिकेतील नायजेरियन डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक यांची उदाहरणे देऊन असे सांगितले जाते की, बघा, हे लोकही कृष्णवर्णीयच आहेत. पण त्यांनी वर्णभेदाची तक्रार करीत न बसता अभ्यास केला, कष्ट केले आणि ते वर आले. २०१४ साली एमी च्युआ आणि जेड रुबेनफेल्ड या दांपत्याने ‘द ट्रिपल पॅकेज’ या पुस्तकात अमेरिकेतील ज्या आठ यशस्वी गटांची निवड केली, त्यांत भारतीय आणि नायजेरियन हे दोन्ही होते. श्रेष्ठत्वाची जाणीव, असुरक्षिततेची टोचणी आणि आत्मसंयम या तीन गुणांच्या बळावर हे गट पुढे गेले, असा त्या पुस्तकाचा निष्कर्ष. हा निष्कर्ष आपल्याकडील परिसंवादांतून आणि चहापानाच्या गप्पांतूनही, बहुधा पुस्तक न वाचताच, पुष्कळदा ऐकू येतो.

प्रस्तुत लेखात या मताचा प्रतिवाद करावयाचा आहे. परंतु तो समाजशास्त्रज्ञाचा नाही, तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : यशाच्या मापाने या दोन समाजांची तुलना केली असता त्यांच्याविषयी आपल्याला फारसे काही कळत नाही. तीच तुलना ‘परक्या गावी राहायला खोली मिळते की नाही’ या साध्या प्रश्नावरून केली तर बरेच काही कळते, आणि त्यातले काही आपल्याला गैरसोयीचे असते.

प्रथम यशाच्या मापाचा विचार करू. अमेरिकेत राहणाऱ्या भारतात जन्मलेल्या प्रौढांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश किंवा अधिक लोक पदवीधर आहेत, नायजेरियात जन्मलेल्यांपैकी निम्म्याहून बरेच अधिक, आणि त्या देशाच्या एकूण लोकसंख्येत हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास भरते. आकडे खरे आहेत. मात्र ते कशाचे आकडे आहेत, हे पाहिले पाहिजे. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने आशियाई लोकांवरील जुने निर्बंध उठवले आणि दार उघडले. पण ते उघडले प्रामुख्याने नातलगांसाठी आणि व्यावसायिक कौशल्य असलेल्यांसाठी. पहिल्या लाटेत गेलेले भारतीय हे बहुतांशी सरकारी खर्चाने चाललेल्या महाविद्यालयांतून शिकलेले, उच्चवर्णीय आणि इंग्रजी जाणणारे होते. नायजेरियनांचा ओघ वाढला तो १९७० नंतरच्या दशकात, खनिज तेलाच्या पैशाने विद्यार्थी बाहेर पाठवता येऊ लागले तेव्हा. पुढे १९९० च्या कायद्याने आलेल्या सोडतीच्या व्हिसालाही निदान माध्यमिक शिक्षणाची किंवा तत्सम कामाच्या अनुभवाची अट होती. म्हणजे दोन्ही देशांतून समाज गेला नाही; चाळणीतून गाळलेला त्याचा एक थर गेला. चाळणीवर राहिलेल्या धान्याकडे बोट दाखवून शेताची प्रत ठरवणे हे तर्काला धरून नाही. इतकेच नव्हे, तर ज्यांना कोणी चाळून नेले नव्हते, साखळदंडांत नेले होते, त्यांच्या वंशजांना हे धान्य दाखवून नावे ठेवणे हे न्यायालाही धरून नाही.

आता साहित्याकडे वळू. परदेशातील वर्णभेदाचा अनुभव नायजेरियन लेखकांनी जितक्या थेटपणे मांडला आहे, तितक्या थेटपणे भारतीय लेखकांनी क्वचितच मांडला आहे. वोले शोयिंका १९५४ ते १९५७ या काळात इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात शिकत होते. त्यांच्या ‘टेलिफोन कॉन्व्हर्सेशन’ या गाजलेल्या कवितेचा प्रसंग अगदी साधा आहे. एक आफ्रिकी मनुष्य भाड्याच्या खोलीसाठी घरमालकिणीला टेलिफोन करतो, आपण आफ्रिकी असल्याचे आधीच सांगून टाकतो, आणि मग त्या सुसंस्कृत बाई त्याच्या कातडीचा काळेपणा नेमका किती, याची चौकशी करू लागतात. संपूर्ण कविता त्या एका चौकशीवर उभी आहे. बुची एमेचेता यांच्या ‘सेकंड-क्लास सिटिझन’ (१९७४) या कादंबरीतील अदाह लंडनमध्ये बिऱ्हाडासाठी वणवण फिरते. काळ्यांना जागा नाही, अशा पाट्या वाचते. तिचा नवरा फ्रान्सिस या देशात आपण दुय्यमच, असे समजून हातपाय गाळतो आणि तिने लिहिलेले हस्तलिखित जाळून टाकतो. वर्णभेद घराबाहेर सुरू होऊन घराच्या आत, नवरा-बायकोच्या नात्यात, कसा शिरतो याचे इतके निष्ठुर चित्रण मी अन्यत्र क्वचितच वाचले आहे. चिमामांडा न्गोझी अदिची यांच्या ‘अमेरिकाना’ (२०१३) मधील इफेमेलू हिला तर लागोसमध्ये असताना आपण ‘काळ्या’ आहोत याचे भानच नसते. अमेरिकेत उतरल्यावर ते तिच्यावर लादले जाते, आणि त्या लादण्याचा अभ्यास हाच तिच्या लेखनाचा विषय होतो.

भारतीयांच्या इंग्रजी लेखनात याच्या शेजारी काय ठेवता येईल? झुंपा लाहिरी यांच्या ‘द नेमसेक’ (२००३) या कादंबरीत एक छोटासा प्रसंग आहे. गांगुली कुटुंबाच्या घराबाहेरील टपालपेटीवरील आडनावाची अक्षरे कोणीतरी खोडून त्याचा ‘गँग्रीन’ असा सडक्या जखमेचे नाव होईल असा शब्द करून ठेवतो. मुलगा हादरतो, वडील मात्र पोरांचा खेळ म्हणून तो विषय संपवतात आणि नवी अक्षरे आणायला दुकानात जातात. मला हा प्रसंग फार अर्थपूर्ण वाटतो. परदेशातील भारतीय मध्यमवर्गाची वर्णभेदाविषयीची अवघी भूमिका त्या दुकानाच्या खेपेत आली आहे. अपमान झाला, तो पाहिला, त्याला नाव दिले नाही आणि दुरुस्तीचा खर्च स्वतः केला. पुढे कादंबरी नावाच्या, संस्कृतीच्या, दोन घरांत विभागलेल्या मनाच्या प्रश्नाकडे वळते. रंगाचा प्रश्न संस्कृतीच्या प्रश्नात विरघळून जातो.

याला अपवाद आहेत आणि ते सांगितलेच पाहिजेत. कमला मार्कंडेय यांच्या ‘द नोव्हेअर मॅन’ (१९७२) मधील वृद्ध श्रीनिवास अनेक दशके लंडनमध्ये राहिलेला आहे. तरी १९६८ च्या सुमाराच्या वातावरणात शेजारी त्याला परका ठरवतो. भारती मुखर्जी यांनी कॅनडात भारतीय म्हणून सोसलेल्या अवहेलनेविषयी १९८१ मध्ये उघडपणे लिहिले. पण या दोन लेखनांचे भवितव्य पाहावे. मार्कंडेय यांची ही कादंबरी त्यांच्या ग्रामजीवनावरील कादंबरीच्या तुलनेत आपल्या अभ्यासक्रमांत फारशी आलीच नाही. आपल्याला भुकेले खेडे शिकवायला चालते; लंडनमध्ये हाकलला जाणारा सुसंस्कृत ब्राह्मण शिकवायला चालत नाही.

असे का व्हावे? नायजेरियन मनुष्याला रंगाच्या प्रश्नातून निसटण्यासाठी दुसरी वाट नसते, हे एक उत्तर आहे. भारतीयाला ती वाट असते, किंवा आहे असे वाटते. या वाटेचा इतिहास जुना आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंद यांचा नागरिकत्वाचा खटला १९२३ मध्ये त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्यांच्या बाजूने केलेला युक्तिवाद आपण आज लक्षपूर्वक वाचला पाहिजे. गोऱ्यांनाच नागरिकत्व, हा नियम अन्यायाचा आहे, असे त्यात म्हटलेले नव्हते. आपण उच्चवर्णीय हिंदू आहोत, आर्य आहोत, म्हणून गोरेच आहोत, असे म्हटले होते; आणि उच्चवर्णीय हिंदू येथील मूळच्या लोकांशी विवाहसंबंध टाळतो, तो गोरा अमेरिकन निग्रोशी टाळतो तसाच, अशी पुष्टीही जोडली होती. न्यायालयाने हा दावा फेटाळला. वंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हे गोरे नव्हेत, असा निकाल झाला आणि त्यानंतर कित्येक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्वही गेले. जातीचा दाखला दाखवून रंगाचा दरवाजा उघडण्याचा हा प्रयत्न होता. दरवाजा उघडला नाही. पण दाखला मात्र आपण आजवर खिशात जपून ठेवला आहे. ‘यश’ हे त्या दाखल्याचे आजचे नाव आहे.

याच्या नेमकी उलट अशी दुसरी परंपराही भारतात होती, आणि तिचे धागे मराठीत विशेष पक्के आहेत. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केले. पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि त्यांनी १८८९ मध्ये त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. त्यात त्या देशाचे गुण मोकळेपणाने सांगताना तेथील वर्णभेदाकडे त्यांनी काणाडोळा केला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकले, आणि १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे सादर केलेल्या अर्जाची प्रत मागवली. अस्पृश्यांचा प्रश्नही त्याच मार्गाने नेता येईल काय, हा त्यामागचा विचार होता. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतले. म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांनी निग्रो साहित्याचा परिचय मराठी वाचकाला करून दिला तो कुतूहल म्हणून नव्हे. त्यात त्यांना स्वतःचा प्रश्न दिसत होता. थिंद यांच्या वकिलाने विचारले, आम्ही कोणाहून वरचे? या परंपरेने विचारले, आमच्यासारखे आणखी कोण?

नायजेरियाच्या इतिहासातही या दुसऱ्या प्रश्नाचे उदाहरण आहे. पुढे १९६३ मध्ये नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले न्नामदी अझिकिवे १९२५ मध्ये अमेरिकेस गेले, ते हॉवर्ड आणि लिंकन या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांत शिकले. वसाहतीविरुद्धचे त्यांचे शिक्षण आणि अमेरिकी वर्णभेदाचे दर्शन ही दोन्ही एकाच काळात झाली.

खोलीचा प्रश्न मराठीत सर्वांत धारदारपणे कोठे आला आहे, असे मला विचारले तर मी बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ (१९६३) या कथेचे नाव घेईन. मुंबईहून रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्याला गेलेल्या नायकापुढे राहण्याच्या जागेचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न एकाच श्वासात येतात. तो जात लपवतो, मान मिळवतो, आणि ती उघड होताच मार खातो. ही कथा शोयिंकांच्या कवितेशेजारी ठेवून वाचावी. एकात मनुष्य आपला रंग आधीच सांगून टाकतो, कारण तो लपवता येत नाही. दुसऱ्यात मनुष्य आपली जात सांगत नाही, कारण ती लपवता येते. लपवता येणारी गोष्ट लपवण्याची यातना आणि लपवता न येणारी गोष्ट मिरवण्याची सक्ती, यांपैकी अधिक दुःसह काय, याचा निर्णय करण्याचे कारण नाही. मात्र दोन्ही प्रसंगांत दाराच्या आत बसलेला मनुष्य एकच आहे, हे ओळखायला हवे.

आणि तो मनुष्य पुष्कळदा आपणच असतो. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एका भारतीय अभियंत्याची वर्णद्वेषातून गोळी घालून हत्या झाली. मारणाऱ्याने त्याला इराणी समजले होते. भारतभर योग्य तो संताप व्यक्त झाला. पुढच्याच महिन्यात, २७ मार्चला, ग्रेटर नॉयडा येथे एका स्थानिक मुलाच्या मृत्यूनंतर उठलेल्या अफवांवरून जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण केली. आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी हे हल्ले वर्णद्वेषी असल्याचे निवेदन काढले. आपल्याकडून उत्तर आले ते असे की हा सुटा गुन्हा आहे, याला वर्णद्वेष म्हणू नये. टपालपेटीवरील अक्षरे दुरुस्त करायला निघालेल्या गांगुलींची येथे आठवण होते. फरक इतकाच की या खेपेस अक्षरे खोडणारे आपण होतो. त्याआधी २०१३ मध्ये गोव्यात एका नायजेरियन तरुणाच्या खुनानंतर त्याच्या देशबांधवांनी पर्वरीजवळ महामार्ग अडवला, तेव्हा एका मंत्र्याने त्या लोकांची तुलना कर्करोगाशी केली आणि मागाहून खेद व्यक्त केला. त्यांना घरे भाड्याने देऊ नयेत, ही भाषा त्या दिवसांत उघडपणे बोलली गेली.

येथे एक स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका शहरात मी अभ्यागत म्हणून असताना आमच्या विभागातील एका नायजेरियन संशोधक विद्यार्थ्याबरोबर खोली शोधायला गेलो होतो. तिसऱ्या की चौथ्या घरी मालकांनी आम्हाला बसवले, चहा दिला. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत होता. तिकडे सोसायटीत लोक त्याच्याशी नीट बोलत नाहीत, स्वयंपाकाच्या वासावरून टोमणे मारतात, हे त्यांनी मोठ्या दुःखाने सांगितले. मग विद्यार्थ्याकडे न पाहता ते मला म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, खोली आपल्याला हवी असेल तर आजच किल्ली घेऊन जा. यांचे मात्र जमायचे नाही. शेजारी काय म्हणतील?” त्यापूर्वी त्यांनी माझे संपूर्ण नाव, म्हणजे आडनाव, विचारून घेतले होतेच. मी काही बोललो नाही. चहा संपवला, आभार मानले आणि उठलो. जिन्यात तो विद्यार्थी म्हणाला, “सर, निदान यांनी टेलिफोनवर विचारले नाही.” त्याने शोयिंका वाचले होते, मी ते वर्गात शिकवले होते. त्या जिन्यात माझ्या लक्षात आले की आडनावाचा दाखला माझ्याही खिशात होता, आणि तो न मागता चालला होता.

या लेखावरून नायजेरियन समाज निष्पाप आहे, असा कोणी अर्थ काढू नये. अमेरिकेत गेलेल्या नायजेरियनांपैकी अनेकांनी तेथील कृष्णवर्णीयांपासून अंतर राखले आहे. त्यांच्यासाठी ‘अकाता’ असा हेटाळणीचा शब्दही त्यांच्यात रूढ आहे. शिवाय त्यांच्या घरीही एक जात आहे. चिनुआ अचेबे यांच्या ‘नो लाँगर ॲट ईज’ (१९६०) या कादंबरीतील ओबी ओकोंक्वो याला उमुओफियाच्या मंडळींनी वर्गणी काढून, ८०० पौंड परतफेडीच्या बोलीने, विलायतेस शिकायला पाठवलेले असते. त्याचे यश ही गावाची गुंतवणूक आहे. तो पदवी घेऊन, मोठ्या सरकारी नोकरीवर परत येतो आणि क्लारा या मुलीशी लग्न करायचे ठरवतो. क्लारा ‘ओसू’ असते. म्हणजे देवाला वाहिलेल्या, म्हणून विटाळलेल्या समजल्या जाणाऱ्या कुळातील. ओबीचे वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. तरी त्यांचा नकार. आई तर जीव देण्याची धमकी देते. पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळाने १९५६ मध्ये ही प्रथा कायद्याने बंद केली होती. आपल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने १९५० मध्ये अस्पृश्यता बंद केली होती. लंडनच्या पदवीने ओबीला सर्व काही मिळवून दिले. क्लाराशी लग्न करण्याइतके धैर्य मात्र दिले नाही. मराठी वाचकाला या कादंबरीसाठी कोणत्याही टीपा लागू नयेत.

तात्पर्य, दोन समाजांतील खरी तुलना त्यांच्या उत्पन्नात नाही. दोघेही परदेशी अपमान सोसतात आणि घरी तो करतात, येथे ती आहे. नायजेरियन लेखकांनी या दोन्ही बाजू एकाच लेखणीने लिहिल्या. अचेबे यांनी वसाहतवादाला आणि ओसू प्रथेला एकाच घरात समोरासमोर बसवले. आपल्याकडे मात्र कामाची वाटणी झाली. परदेशातील दुःख इंग्रजीने लिहायचे आणि घरातील अन्याय मराठी, तमिळ, कन्नड, हिंदी यांतील दलित लेखकांनी लिहायचा. आणि विद्यापीठात या दोन्हींचे वर्ग वेगवेगळ्या इमारतींत भरायचे.

ही वाटणी मोडणे भारतीय भाषांच्या अभ्यासकांच्या हाती आहे. नायजेरियन साहित्य आजवर आपल्याकडे इंग्रजी विभागांच्या मार्फत, राष्ट्रकुलाच्या साहित्याचा एक भाग म्हणून आले, आणि म्हणून ते भारतीय इंग्रजी साहित्याशेजारीच ठेवले गेले. ते तेथून उचलून बागूल, दया पवार यांच्या शेजारी ठेवले पाहिजे. फागुन्वा यांची १९३८ ची योरुबा कादंबरी किंवा हौसा भाषेतील लोकप्रिय कथा, ज्यांच्यावर हिंदी चित्रपटांची दाट छाया आहे, यांचाही परिचय इंग्रजीवर न थांबता आपल्या भाषांतून व्हायला हवा. आपल्या विद्यापीठांत नायजेरियन विद्यार्थी येतात. योरुबा, इग्बो, हौसा जाणणारी माणसे आपल्या शेजारी बसतात, आणि आपण त्यांना त्यांच्या भाषेविषयी एक प्रश्न विचारीत नाही. तौलनिक साहित्याचा आरंभ तेथून करता येईल.

अर्थात त्यासाठी ते विद्यार्थी येथे टिकले पाहिजेत, आणि टिकण्यासाठी त्यांना राहायला खोली मिळाली पाहिजे. त्या विद्यार्थ्याला अखेर शहराबाहेर, विभागापासून दोन बस बदलून जावे लागेल अशा वस्तीत, जागा मिळाली. प्रबंध पूर्ण करून तो परत गेला. त्याच्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात माझे नाव आहे. ते वाचताना मला अजूनही त्या चहाच्या कपाची आठवण होते.